गढी पुन्हा बांधता येते

वुल्फमर : सोडलं! अगं, सोडलं त्याला! इकडं ये, दारात ये. राजाचे स्वार नदीपलीकडंच थांबलेत आणि घोडं एकटं पुढं येतंय.

मिल्ड्रिथ : एकटं कुठंय? कुणीतरी लगाम धरून पुढं चाललंय. झग्यावरून मठातले बुवा वाटतात.

वुल्फमर : असेनात का बुवा! घोड्यावर कोण बसलंय ते बघ. आपला ऑस्गर आहे तो. खांदे बघ, माझेच खांदे. चौदा महिने माझा पोरगा ओलीस ठेवला त्या राजानं आणि आता मुकाट्यानं घरी पाठवतोय. का? तर नदीवर माझी गढी उभी राहिली, अंगणात सहाशे भाले जमले. टरकली त्याची!

मिल्ड्रिथ : हळू बोला. राजा आहे तो.

वुल्फमर : कसला राजा! सहा वर्षांचा होता, शेंबूड पुसता येत नव्हता, तेव्हा याच दालनात आणून सोडला होता त्याला. बारा वर्षं माझ्या घरची भाकरी खाल्ली. बाकीच्या सरदारांच्या नाकावर टिच्चून मुकुट मी चढवला त्याच्या डोक्यावर. आणि तो मला विचारणार, वुल्फमर, तुझ्या नदीवर तू गढी कुणाला विचारून बांधलीस?

मिल्ड्रिथ : भाकरी मी घातली. तुम्ही त्याला कोंबडीची मान मुरगळायला लावायचात आणि तो रडला की हसायचात.

वुल्फमर : मग? राजा होणाऱ्यानं रक्ताला भिऊन चालतं होय? शिकवत होतो त्याला.

मिल्ड्रिथ : आणि वचन तुम्ही दिलं होतंत. ऑस्गर त्याच्यापाशी आहे तोवर नदीवर काही उभारणार नाही, माणसं गोळा करणार नाही.

वुल्फमर : आधी त्यानं मोडलं वचन. माझ्या गावात त्याचा कारभारी आणून बसवला! मी त्याला उलटा गाढवावर बसवून परत पाठवला, हे माझं चुकलं का? जाऊ दे ना आता. पोरगं दारात आलंय आणि तू जुनं उगाळत बसलीस. ती वाम मासळी काढलीये ना, ती चढव चुलीवर.

मिल्ड्रिथ : अहो, पण हा हात का करत नाही? मी केव्हाची हात हलवतेय.

वुल्फमर : दमला असेल. तीन दिवसांची वाट आहे.

मिल्ड्रिथ : एवढ्या स्वच्छ उन्हात अंगरख्याचं टोपडं नाकापर्यंत ओढलंय. त्याची ती म्हातारी कुत्री धावत गेली, घोड्याभोवती नाचतेय, तर यानं मानसुद्धा वळवली नाही. ऑस्गर असा नाही हो.

वुल्फमर : राजवाड्यात राहून शिष्ट झाला असेल. ए ऑस्गर! अरे, बापाला विसरलास काय!

ऑस्गर : बाबा? कुठं आहात? दारात?

वुल्फमर : दारात नाहीतर काय झाडावर? उतर खाली!

मिल्ड्रिथ : बाळा!

ऑस्गर : आई, थांब, धावू नकोस. घोडं बुजेल. मी उतरतो. बुवा, हात द्या जरा.

वुल्फमर : घोड्यावरून उतरायला बुवांचा हात? वाळत घातलेल्या कापडासारखा लोंबतोयस की तू! ये असा. ते टोपडं काढ आधी. ही सगळी माणसं तुझ्यासाठी जमलीत, तोंड दिसू दे त्यांना.

ऑस्गर : आत जाऊ या, बाबा.

वुल्फमर : आत कशाला? काढ म्हणतो ना.

ऑस्गर : नको. बाबा, हात नका लावू, बाबा!

(टोपडं मागं पडतं.)

मिल्ड्रिथ : हे काय बांधलंय? ऑस्गर, हे काय बांधलंय तोंडाला?

ऑस्गर : तागाची पट्टी आहे, आई. स्वच्छ आहे. बुवा रोज बदलतात, मध लावून.

मिल्ड्रिथ : मध कशाला? पडलास का कुठं? डोळे आलेत का तुझे?

ऑस्गर : नाही, आई.

मिल्ड्रिथ : मग काय झालंय डोळ्यांना?

ऑस्गर : डोळे नाहीत.

वुल्फमर : काय म्हणाला हा? मिल्ड्रिथ, काय म्हणाला?

मिल्ड्रिथ : आत आणा त्याला. आत आणा! उभे काय राहिलात? हात धरा त्याचा. नाही, सोडा, मी धरते. ये बाळा, पायऱ्या संपल्या, उंबरा आहे. पाय उचल. असा. इथं बाक आहे, बैस.

ऑस्गर : शेकोटीजवळ नको, आई. धग सोसत नाही अजून.

मिल्ड्रिथ : बरं, इकडं ये, भिंतीशी. इथं बैस. पाणी देऊ? थांब, ओतते. सांडलं सगळं. अंगावर सांडलं का तुझ्या?

ऑस्गर : पाणीच आहे, आई.

वुल्फमर : कुणी केलं? नाव सांग मला. एक नाव सांग.

ऑस्गर : राजानं.

वुल्फमर : राजानं नव्हे. त्याच्या भोवतीच्या त्या चांडाळांनी केलं असेल, त्याला न विचारता.

ऑस्गर : तो तिथंच होता, बाबा. माझ्यापासून चार पावलांवर.

वुल्फमर : तो? शक्यच नाही. अरे, त्याला कोंबडी मारता येत नव्हती! डुक्कर कापायच्या दिवशी गवताच्या गंजीत तोंड खुपसून बसायचा. तो उभा राहील आणि... नाही. तू घाबरला होतास, तुला भास झाला असेल.

ऑस्गर : तोंड फिरवलं होतं त्यानं. रडत होता. पहिल्या डोळ्यानंतर लोखंड धरणारा थांबला. त्यानं विचारलं, महाराज, पुढं करू? बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, आता नको म्हणेल. मग तो म्हणाला, कर.

मिल्ड्रिथ : माझ्या मांडीवर झोपायचा तो. तुला आणि त्याला एकदमच गोवर आला होता. एका कुशीला तू, एका कुशीला तो. कोण आधी रडलं ते अंधारात कळायचं नाही मला.

ऑस्गर : तुझी चौकशी केली त्यानं, आई. दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेपाशी आला होता.

मिल्ड्रिथ : मला नको सांगूस. त्याचं तोंडात नावसुद्धा घेऊ नकोस. काय म्हणाला?

ऑस्गर : म्हणाला, आईला सांग, मला दुसरी वाट ठेवली नाही बाबांनी. पत्र पाठवलं होतं मी.

मिल्ड्रिथ : कसलं पत्र?

वुल्फमर : आत्ता पत्राबित्राचं काय घेऊन बसलीस! गॅमल! कुठं मेला हा म्हातारा? गॅमल, शिंग फुंक! सगळे अंगणात!

मिल्ड्रिथ : गॅमल, बाहेरच थांबा. शिंग फुंकाल तर याद राखा. कसलं पत्र, ऑस्गर?

ऑस्गर : मीच लिहिलं होतं, आई. तो सांगत होता, मी लिहीत होतो. म्हणाला, माझ्या कारकुनाचं पत्र असलं तर तुझे बाबा फेकून देतील. तुझ्या हातचं आहे म्हटल्यावर ऐकतील.

मिल्ड्रिथ : पण असं काही आलंच नाही इथं. तुझ्या हातचं पत्र आलं असतं तर मी ते... अहो, नव्हतं ना आलं?

वुल्फमर : वाटेत गहाळ झालं असेल. रस्ते काय धड आहेत का?

ऑस्गर : स्वार परत आला होता, बाबा. मी त्याला मुद्दाम विचारलं. म्हणाला, सरदारांच्या हातात दिलं. इथं पोळ्यांतला मध काढत होते, त्यालाही वाटीभर दिला कुणीतरी.

मिल्ड्रिथ : मी दिला. पुढचा दात पडलेला, तोच ना? मीच दिली वाटी त्याला. आणि तो गेल्यावर तुम्हाला विचारलं, काय निरोप होता? तुम्ही म्हणालात, काही नाही, मिठागरांचं काहीतरी आहे.

वुल्फमर : मिल्ड्रिथ, ऐक.

मिल्ड्रिथ : ऐकतेच आहे. आलं होतं?

वुल्फमर : आलं होतं.

मिल्ड्रिथ : कुणी वाचलं?

वुल्फमर : पाद्रीबुवांनी. त्यांना मी शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.

मिल्ड्रिथ : म्हणून ते गेले दीड महिना माझ्याकडं बघत नाहीत! मला वाटलं, माझ्याच हातून काही पाप घडलंय. काय होतं त्यात? शब्दन् शब्द सांगा. वाचता येत नाही तुम्हाला, पण एकदा ऐकलेलं विसरत नाही म्हणून सगळ्या मुलखात मिरवता.

वुल्फमर : 'महिनाअखेरीच्या संत मायकेलच्या सणाच्या आत गढी पाडा आणि माणसं घरोघर पाठवा. दोन्हींतलं एक जरी राहिलं, तरी मुलगा जिवंत परत येईल. पण डोळ्यांवाचून येईल.'

मिल्ड्रिथ : असं होतं त्यात? असं? उघड?

वुल्फमर : हो.

मिल्ड्रिथ : आणि तुम्ही संध्याकाळी माझ्याशेजारी बसून मधाची बिअर प्यालात. गाणं म्हणालात. मी म्हटलं, आज स्वारी खुशीत दिसते.

ऑस्गर : शेवटी आणखी एक ओळ होती, बाबा. ती राजाची नव्हती, माझी होती. त्यानं वाचली आणि राहू दिली. ती पाद्रीबुवांनी वाचली नाही का? चौदा महिन्यांत मी दुसरं काही मागितलं नव्हतं, म्हणून विचारतोय.

वुल्फमर : वाचली.

मिल्ड्रिथ : काय होती?

वुल्फमर : मिल्ड्रिथ, पुरे.

मिल्ड्रिथ : काय होती ती ओळ?

वुल्फमर : 'बाबा, गढी पुन्हा बांधता येते.'

मिल्ड्रिथ : ...आणि हे ऐकून तुम्ही काय केलंत?

वुल्फमर : हसलो.

मिल्ड्रिथ : हसलात.

वुल्फमर : म्हटलं, पोरगं हुशार आहे. मग खाली गेलो आणि सुतारांना सांगितलं, बुरुजाला अजून एक मजला चढवा.

ऑस्गर : तो मजला दिसला असता मला येताना.

वुल्फमर : मला काय ठाऊक होतं रे! मी त्याला लहानाचा मोठा केलाय. त्याच्या काळजात काय आहे हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं असं वाटायचं. म्हटलं, धमकी आहे. पोरकट धमकी. आज वाकलो तर जन्मभर वाकावं लागेल. मी त्याला जोखला होता, ऑस्गर. देवाशपथ, पक्का जोखला होता.

ऑस्गर : मीही तसाच जोखला होता. शेवटपर्यंत. तापलेल्या लोखंडाचा वास आला तरी मला वाटत होतं, हा आता हसेल आणि म्हणेल, ऊठ रे ऑस्गर, फसलास! लहानपणी फसवायचा तसा.

मिल्ड्रिथ : तुम्ही दोघांनी त्याला जोखलंत, त्यानं तुम्हा दोघांना जोखलं. आणि मला एका शब्दानं कुणी विचारलं नाही! मी अनवाणी गेले असते राजवाड्यात. त्याच्या दारात बसले असते. माझ्यासमोर 'कर' म्हणाला असता का तो?

वुल्फमर : म्हणून तर सांगितलं नाही तुला. तू गेली असतीस. सरदार वुल्फमरची बायको राजाच्या दारात पदर पसरून बसली, असं सगळ्या देशानं म्हटलं असतं.

मिल्ड्रिथ : आता काय म्हणेल देश?

वुल्फमर : आता? आता ऐक बाहेर. ऐकतेस ना तो आवाज? त्यांनी पाहिलंय त्याला. आता सहाशे नाही, तीन हजार येतील. कुंपणावर बसलेले सगळे सरदार उतरतील. ओलिसाचे डोळे काढणारा राजा कुणाला हवाय? ऑस्गर, ऊठ. माझ्याबरोबर पायरीवर चल. तुला काही बोलायला नको. नुसता माझ्याशेजारी उभा राहा.

मिल्ड्रिथ : अहो!

ऑस्गर : पट्टी ठेवून की सोडून?

वुल्फमर : काय?

ऑस्गर : लोकांसमोर उभं राहायचंय ना? पट्टी ठेवून राहू की सोडून? सोडून राहिलो तर जास्त उपयोग होईल तुम्हाला.

वुल्फमर : मी तसं... तसं नव्हतं म्हणायचं मला.

ऑस्गर : तसंच म्हणालात, बाबा. राग नाही आला मला. राजाही तिकडं तेच करत होता. मला बाहेर आणून सरदारांना दाखवायचा, हा बघा वुल्फमरचा मुलगा. इकडं काय, तिकडं काय, मी दाखवायच्याच कामाचा.

वुल्फमर : ऑस्गर, मी बाप आहे तुझा.

ऑस्गर : म्हणून येतो म्हणतोय. पण आधी त्यांना पत्राचं सांगा.

वुल्फमर : त्या सगळ्यांना?

ऑस्गर : पत्र आलं होतं, त्यात काय होतं, तुम्ही काय केलंत. तुम्ही सांगितलंत की मी येऊन उभा राहतो. तुम्ही म्हणाल तिथं.

वुल्फमर : तुला कळतंय का तू काय मागतोयस? एक माणूस राहणार नाही. अंगण रिकामं झालं की राजा नदी ओलांडेल. जमीन जाईल, मिठागरं जातील, हे दालनसुद्धा जाईल. तो जिंकेल!

ऑस्गर : त्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आहे, बाबा. तुमच्यामागं कुठवर जायचं हे त्यांना ठरवू द्या.

मिल्ड्रिथ : तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते. मला कुणाची भीती नाही आता.

ऑस्गर : नको, आई. तू सांगितलंस तर ते भांडण होईल. त्यांनीच सांगायला हवं.

वुल्फमर : ऑस्गर, जरा माझ्याकडं बघ... चुकलो.

ऑस्गर : असू दे. बुवाही चुकून 'बघ' म्हणतात, मग दिवसभर देवाची क्षमा मागत बसतात.

वुल्फमर : मला क्षमा करशील तू?

ऑस्गर : आत्ता नका विचारू. दुखतंय खूप.

वुल्फमर : बरं. बरं, बाळा. मिल्ड्रिथ, दार लावू नकोस.

मिल्ड्रिथ : नाही लावत.

ऑस्गर : गेले?

मिल्ड्रिथ : पायरीवर आहेत. तलवार काढून गॅमलच्या हातात दिली. म्हातारा नुसता बघतोय.

ऑस्गर : बोलत का नाहीत?

मिल्ड्रिथ : तोंड उघडतात आणि मिटतात. तीस वर्षांत या माणसाला शब्द शोधताना पाहिलं नव्हतं मी.

वुल्फमर : ऐका रे! माझ्या मुलाला तुम्ही पाहिलंत. ते राजानं केलं. मध काढायच्या दिवशी मला राजाचं पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, गढी पाड, माणसं घरी पाठव, नाहीतर पोराचे डोळे काढीन. मी ते ऐकलं आणि हसलो. बायकोला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं नाही. त्याच दिवशी बुरुज वाढवायला लावला. आता ज्याला घरी जायचंय त्यानं जावं. मी कुणाला भेकड म्हणणार नाही. एवढंच.

ऑस्गर : एवढी शांतता का आहे? आई, काय करतायत ते?

मिल्ड्रिथ : जमिनीकडं बघतायत. कुणाला काय करावं ते सुचत नाही. एकानं घोंगडी गुंडाळली. डोंगराकडचा आहे तो, लाल दाढीचा. त्याच्यामागून आणखी दोघं. आता बरेच निघाले.

ऑस्गर : शिव्या देतायत?

मिल्ड्रिथ : नाही. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकेक जण त्यांच्यासमोरून जातोय, न बोलता. एक म्हातारा थुंकला त्यांच्या पायाशी. त्याचे दोन मुलगे आहेत आपल्या सैन्यात.

ऑस्गर : बाबांनी काय केलं?

मिल्ड्रिथ : पाय मागं घेतला नाही. उभे आहेत तसेच.

ऑस्गर : राहिलं कुणी?

मिल्ड्रिथ : गॅमल. आणि तीसेक असतील, ज्यांना जायला दुसरं घर नाही. अरे, हे निघाले कुठं? गढीकडं चाललेत. सुतारांची कुऱ्हाड उचलली वाटेत.

ऑस्गर : राजाचे स्वार बघतायत ना पलीकडून?

मिल्ड्रिथ : बघतायत. बघू देत. एकट्यानं काय होणार आहे त्यांच्या हातून! ओकचे एवढाले ओंडके आहेत. पहिला घाव घातला आणि कुऱ्हाड अडकली. निघत नाहीये.

ऑस्गर : तू जातेस?

मिल्ड्रिथ : आज नाही. उद्याचं मला माहीत नाही, पण आज त्या माणसाजवळ माझा पाय जाणार नाही.

ऑस्गर : मग मला दारापर्यंत सोड. पुढं गॅमलला हाक मार.

मिल्ड्रिथ : तू कुठं निघालास? तुला धड उभं राहवत नाही, बाळा.

ऑस्गर : त्यांनी सांगितलं तर शेजारी येऊन उभा राहीन म्हणालो होतो. त्यांनी सांगितलं.

मिल्ड्रिथ : ऑस्गर...

ऑस्गर : पायऱ्या किती आहेत गं आपल्या दाराला?

मिल्ड्रिथ : चार. तिसरी जरा हलते.

ऑस्गर : चारच? मला पाच वाटायच्या.